वरलक्ष्मी मॅडमची घरभेट

रविवारी सकाळी त्रिवेणी चहाची भांडी घासत होती, तेवढ्यात इंदुताईंनी कुंकवाचा करंडा आणि डझनभर हिरव्या बांगड्या तिच्यासमोर ओट्यावर आणून ठेवल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "आता कुणाची आडकाठी हाय?"

त्रिवेणीनं नळ बंद केला, पण हात पुसले नाहीत. ओल्या हातांनी करंड्याला शिवू नये, एवढं निमित्त तिला तेव्हा पुरेसं होतं.

पाच वर्षांपूर्वी याच सासूबाईंनी तिच्या मनगटातल्या बांगड्या उतरवल्या होत्या. तिच्या नवऱ्याला, शिवराजला, घर सोडून तेव्हा बारा वर्षं पुरी झाली होती. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो गेला असं धरावं, असं भटजी म्हणाले. सासऱ्यांनी, एकनाथरावांनी, बासरला गोदावरीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, आणि बेचाळीस वर्षांची त्रिवेणी त्या दुपारी विधवा होऊन मलकपेठेतल्या घरी परतली. त्या दिवशी ती रडली नव्हती. जिवंत माणसासाठी बारा वर्षं रडून झालेलं होतं.

आणि आता तो माणूस सापडला होता. शहराबाहेर, राज्य सरकारच्या समाजकल्याण खात्याच्या पुनर्वसन केंद्रात तो तीन वर्षांपासून राहत होता. दोन वेळा जेवत होता, गोळ्या घेत होता, रोपवाटिकेत काम करत होता.

"आत्याबाई, राहू द्या आज," ती म्हणाली. "आधी मॅडम येऊन जाऊ द्यात."

"मॅडमचा काय संबंध? नवरा तुझा हाय. लेकरू माझं हाय. त्या सरकारच्या बाईला काय विचारायचं त्यात?"

इंदुताईंचं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या बारा दिवसांत त्या दहा वर्षांनी तरुण झाल्या होत्या. त्यांनी शिवराजची जुनी खोली झाडून घेतली होती, गादीला ऊन दाखवलं होतं, त्याला आवडतात म्हणून धपाट्यांचं पीठही दळून आणलं होतं. त्रिवेणी हे सगळं बघत होती आणि तिला सासूबाईंचा रागही येत नव्हता. तिला फक्त भीती वाटत होती, आणि कशाची ते कुणी विचारत नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी वरलक्ष्मी मॅडम आल्या त्या घरी नव्हे, त्रिवेणीच्या अंगणवाडीत आल्या. मुलं जेवून पेंगुळली होती. मॅडमनी खात्याचं ओळखपत्र दाखवलं, दाराशीच चप्पल काढली, आणि तेलुगूत हळू आवाजात विचारलं, "दोन हजार आठ साली हरवल्याची तक्रार तुम्हीच दिली होती ना, अम्मा?"

दिली होती. एकटीनं जाऊन दिली होती. घरचे म्हणत होते, येईल परत, पोलिसांत गेलं की अब्रू जाते. सहा वर्षांच्या लेकीला, प्रणिताला, शेजारी ठेवून त्रिवेणी ठाण्यावर गेली होती, आणि हवालदारानं सांगितल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली होती. त्या कागदानंच आता माग काढला होता. केंद्रातल्या उपचारांनी शिवराज थोडा थोडा बोलू लागला तेव्हा त्यानं आधी नाव सांगितलं, मग "नल्लकुंटा, गणित" एवढंच सांगितलं. नल्लकुंट्यात तो क्लासमध्ये गणित शिकवायचा, पोरं त्याच्यावर जीव टाकायची. पुढं त्याला वाटायला लागलं की तीच पोरं आपल्या डोक्यातले विचार चोरून नेतात.

त्या आजाराला घरात कधी आजार म्हटलं गेलं नाही. बाहेरची बाधा म्हटलं, नजर म्हटलं. एरागड्ड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाचं नाव त्रिवेणीनं एकदाच काढलं, तेव्हा एकनाथराव ताटावरून उठले होते.

*

अकरा वाजेपर्यंत सगळे दिवाणखान्यात जमले. तारनाक्याहून गौतम आणि त्याची बायको गौरी आले होते, मुलांना तिच्या माहेरी ठेवून. गौतम शिवराजचा धाकटा भाऊ, वीज मंडळात इंजिनिअर. तो आल्या आल्या बोलायला लागला. वाटेत सगळं ठरवून आला असावा.

"माय, मी काय म्हणतो ते शांतपणानं ऐक. त्याची तिथं सोय चांगली आहे. डॉक्टर आहेत, माणसं आहेत. आपण महिन्याला जाऊन भेटू. इथं आणून काय करणार? तू अठ्ठ्याहत्तर, नाना एक्क्याऐंशी. वहिनी दिवसभर अंगणवाडीत."

"वहिनी नोकरी सोडील," इंदुताई म्हणाल्या.

त्रिवेणीनं मान वर केली. गौरीनं ते पाहिलं आणि खाली बघितलं.

"आणि प्रणिताचं काय?" गौतमनं आवाज खाली घेतला. "डिसेंबरात लग्न आहे. उदयरावांना आपण काय सांगितलंय? वडील वारले म्हणून सांगितलंय. आता लग्नाच्या दोन महिने आधी जिवंत म्हणून सांगायचं? तेही असे?"

प्रणिता खिडकीजवळ बसली होती. तेवीस वर्षांची, हायटेक सिटीतल्या कंपनीत नोकरीला. तिच्या कंपनीतल्याच सौरभशी तिचं जमलं होतं. सौरभचे आईवडील, अनुराधा आणि उदय, पुण्याहून वीस वर्षांपूर्वी इकडं आलेले, नीटनेटकी, मितभाषी माणसं. त्यांच्यासमोर ही गोष्ट कुणी ठरवून खोटी सांगितली नव्हती. एकनाथराव पहिल्या भेटीत "मुलीचे वडील नाहीत" म्हणाले आणि तेच पुढं चालू राहिलं.

"काका, माझं नाव मधे घालू नका ना प्लीज," प्रणिता म्हणाली.

"मग कुणाचं घालू? तुझ्यासाठीच बोलतोय."

"मला त्यांचा चेहरापण नीट आठवत नाही. तुम्ही सगळे मला विचारताय काय वाटतं. मला काहीच वाटत नाही आणि त्याचंच टेन्शन येतंय मला." तिचा आवाज फाटला. त्रिवेणी उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

एकनाथराव आपल्या खुर्चीत बसून होते. बस डेपोत पस्तीस वर्षं हिशेबनीस म्हणून काढलेला माणूस, घरातला कुठलाही निर्णय त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय निर्णय होत नसे. गेल्या बारा दिवसांत ते या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. आता मात्र ते म्हणाले, "मी त्याला अग्नी दिलाय. माझ्यापुरता विषय संपला."

"काय बोलायलाव तुम्ही!" इंदुताईंनी पदर तोंडाला लावला.

"गौतम म्हणतो तेच बरोबर. तिथंच राहू द्या."

गौतमला आधार मिळाला. बाप आणि धाकटा लेक एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. गौरी नवऱ्याच्या बाजूला होती, पण सासूबाईंचे हुंदके ऐकून तिचीही चलबिचल व्हायला लागली होती. आणि त्रिवेणी कोणत्या बाजूला आहे, हे प्रत्येकानं आपापलं गृहीत धरलं होतं.

दारावरची बेल वाजली.

*

वरलक्ष्मी मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, पायात साधी रबरी चप्पल. काखेत जाडजूड फाइल. नोकरीची चार वर्षं आदिलाबादला काढलेली असल्यानं त्यांना मराठी येत होतं. मोडकं होतं, मधेमधे दखनी हिंदीकडं वाकायचं, नावाला तेलुगूतलं मानाचं 'गारू' चिकटायचं, पण कळायचं.

"नमस्कारम्. सगळे आहेत, चांगलं झालं. मला घर दाखवता का आधी?"

गौतमला हे अपेक्षित नव्हतं. मॅडम उठून घरभर फिरल्या. संडासाची कडी बाहेरून उघडते का पाहिलं. गच्चीचा कठडा हातानं मोजला आणि "कंबरेच्या वर आहे, ठीक," म्हणाल्या. गोळ्या कुठं ठेवाल, दुपारी घरात कोण असतं, आजोबांना रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं विचारून लिहून घेतलं. इंदुताईंनी झाडून ठेवलेल्या खोलीत त्या जरा थांबल्या. गादीवरची नवी चादर बघून हसल्या.

त्रिवेणी त्यांच्या मागून फिरत होती. ती स्वतः पंधरा वर्षं वही घेऊन लोकांच्या घरी जात होती. बाळाचं वजन विचारता विचारता त्या घरातली सून उपाशी आहे की नवरा मारतो, हे कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं. आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या घरात तसं बघत होतं.

परत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "बघा, मी जबरदस्ती करायला नाही आले. शिवराजगारूंना नेता तर नेता, नाही तर नाही. नाही नेलं तर आम्ही त्यांना रस्त्यावर सोडत नाही. पण ते आता बरे आहेत. केंद्र म्हणजे जास्त आजारी लोकांची जागा आहे. त्यांना तिथं ठेवणं म्हणजे बरा झालेल्या माणसाला दवाखान्यात ठेवणं."

"पूर्ण बरे आहेत?" गौतमनं विचारलं.

"नाही, साब. पूर्ण म्हणून मी खोटं कायकू बोलू? हा शुगरसारखा आजार आहे. गोळ्या चालू तर माणूस चालू. कधी आवाज येतात, पण ते आवाज आहेत हे त्यांना आता माहीत आहे. हळू बोलतात. गर्दीत घाबरतात. रोपांचं काम फार चांगलं करतात."

त्यांनी फाइलीतून एक फॉर्म काढला. वर तेलुगू, खाली इंग्रजी. "इथं एक नाव लागतं. कुटुंबातला मुख्य आधार. कुठंही राहिले तरी एक माणूस लागतो. गोळ्या संपल्या तर ज्याला कळलं पाहिजे, मी फोन केला तर जो उचलतो, असा."

गौतमनं खिशातलं पेन काढलं. आता कुठं त्याला सोपी वाट दिसली. "त्यात काय, वहिनींचं नाव घालू. त्या बायकोच आहेत. शिवाय त्यांना या कामाची सवय आहे." त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि 'त्रि' लिहिलंसुद्धा.

मॅडमनी फॉर्मवर हात ठेवला. "त्यांना विचारलं का?"

गौतमनं पेन खाली ठेवलं.

"अम्मा," मॅडम त्रिवेणीकडं वळल्या. "तुमचं नाव तुम्ही हो म्हणाल तरच लिहिणार. कायद्यानं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. तुम्हाला काय पाहिजे?"

सतरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. शिवराज होता तेव्हा त्याच्या आजारानं विचारला नाही. गेल्यावर सासरच्यांनी विचारला नाही. पुतळा जाळला तेव्हाही नाही, आणि आज सकाळी बांगड्या पुढं ठेवल्या तेव्हाही नाही. त्रिवेणीला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर आपल्याला रडू येईल. प्रत्यक्षात तिचा आवाज अगदी सरळ निघाला.

"माझं नाव नका लिहू."

"त्रिवेणी!" इंदुताई ताडकन उठल्या.

"ते जिवंत आहेत याचा मला आनंद आहे, आत्याबाई. देवाशपथ आहे. मी त्यांना भेटायला जाईन. पण मला त्यांची बायको व्हायला पुन्हा जमेल का, मला ठाऊक नाही. त्यांनी घर सोडलं त्याच्या आधीची दोन वर्षं मी कशी काढली ते तुम्ही बघितलंय. तीन तीन रात्री मी दाराला पाठ लावून बसायची, ते बाहेर जाऊ नयेत म्हणून. एक दिवस मला झोप लागली आणि ते गेले. मग मी सतरा वर्षं स्वतःला दोष दिला. आता मला झोपू द्या."

"म्हणजे माझ्या लेकराला कुणीच न्हाई," इंदुताई म्हणाल्या. "सून न्हाई म्हणते, भाऊ न्हाई म्हणतो, बाप..."

"तिला बोलू नको, इंदू."

एकनाथरावांचा आवाज होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. सुनेच्या बाजूनं ते कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"तिला नाही म्हणायचा हक्क आहे. तिनं शोधलं होतं त्याला. मला नाही." ते मॅडमच्या हातातल्या फाइलीकडं बघत होते. "त्यात आहे ना ते? दोन हजार बाराचं?"

मॅडमनी फाइल मिटली. "नाना, ते आज लागत नाही."

"लागतं," एकनाथराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते कुणाकडंच बघत नव्हते, आणि डेपोतला एखादा अपघात नोंदवावा तसं एकेक वाक्य सुटं सुटं सांगत होते. दोन हजार बारा सालच्या मार्चमध्ये घरच्या फोनवर निजामाबादकडच्या एका ठाण्यातून फोन आला. तक्रारीतल्या वर्णनाचा एक माणूस सापडलाय, येऊन ओळख पटवा. फोन त्यांनीच उचलला होता. घरात सांगितलं की पाहुण्यांत लग्न आहे, आणि एकटेच बसनं गेले. ठाण्याच्या ओसरीवर शिवराज बसला होता. केसांच्या जटा झालेल्या. पायाला जखम, तिच्यावर माश्या.

"त्यानं मला बघितलं," एकनाथराव म्हणाले. "नाना म्हणला. हळूच म्हणला, हवालदाराला ऐकू गेलं नाही. मी म्हणलो, हा माझा मुलगा नाही."

एकनाथराव तसेच पुढं सांगत राहिले.

"गौतमचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. मोठा मुलगा परगावी नोकरीला आहे असं आम्ही सांगितलं होतं. मला वाटलं, ह्याला असा घेऊन गेलो तर एकाचं गेलंच आहे, दुसऱ्याचंही जाईल. परत येताना बसमध्ये मी स्वतःला पटवलं की तो नव्हताच. आठ वर्षांनी अग्नीही दिला, म्हणजे तरी पटंल." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे घातले. "पटलं नाही."

इंदुताई खाली बसल्या. त्रिवेणी मनात सालं मोजत होती. दोन हजार बारा. त्या मार्चमध्ये तीच तर लग्नाच्या पापड्या लाटत होती. तो चार तासांच्या अंतरावर जिवंत होता, आणि हा माणूस परत येऊन तिच्या हातचं जेवला होता.

"नाना," ती म्हणाली आणि उठली. सासऱ्यांसमोर उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती त्यांच्यासमोर अशी सरळ कधी उभी राहिली नव्हती. "तुम्ही माझं कुंकू पुसलंत. ते जिवंत आहेत हे माहीत असताना."

"हो," एकनाथराव म्हणाले.

ते रडले असते, हात जोडले असते, तर तिला सोपं गेलं असतं. ते फक्त हो म्हणाले. त्या एका शब्दानं तिच्या सतरा वर्षांच्या जागरणाचं ओझं निम्मं उतरलं, आणि राग मात्र पहिल्यांदाच पुरता पेटला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला माहीत नव्हतं.

"मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही," ती म्हणाली.

"म्हणू नको."

मग बोलली ती गौरी. "माझ्या लग्नासाठी?" ती नवऱ्याकडं बघत होती. "खरं सांगू का, कळलं असतं तर माझ्या बाबांनी लग्न मोडलंच असतं. मी पण काही बोलले नसते. बावीस वर्षांची होते. पण आज... आमची दोन मुलं त्याच्यावर उभी आहेत, गौतम. त्या माणसाच्या पायावरच्या माश्यांवर."

गौतमचा चेहरा पडला होता. तो इंजिनिअर माणूस, कुठं काय जोडलंय ते त्याला लगेच दिसायचं. वडिलांनी हिशेब केला होता तो त्याच्यासाठी, आणि तेरा वर्षांनी तोच हिशेब तो प्रणिताच्या नावानं मांडत होता.

हे प्रणितालाही दिसलं असावं. ती फोन घेऊन उभी राहिली.

"कुणाला लावतेस?" त्रिवेणीनं विचारलं.

"सौरभला."

"प्रणू, थांब जरा, विचार करून..." गौतम म्हणाला.

"नाही काका. आता नाही केला तर मी पण कधीच करणार नाही. आजोबांसारखी." ती आत गेली नाही. सगळ्यांसमोर तिनं स्पीकरवर फोन लावला. "सौरभ, माझे बाबा जिवंत आहेत. सतरा वर्षांपूर्वी आजारपणात घरातून गेले होते. स्किझोफ्रेनिया आहे. आता बरे आहेत, ट्रीटमेंट चालू आहे. आम्ही तुम्हाला ते वारले म्हणून सांगितलं, ते चुकीचं होतं. आय ॲम सॉरी."

पलीकडून सौरभ म्हणाला, "एवढं सगळं तू एका दमात बोललीस?"

"हो."

"मला काय बोलायचं ते सुचत नाहीये, प्रणिता. खोटं सांगितलं ते लागलं मला. आईबाबांना मी आज सांगतो. त्यांचं माहीत नाही. तू भेटलीस का बाबांना?"

"अजून नाही."

"कधी जाणार?"

"ठरायचंय."

"ठरलं की सांग. गाडी घेऊन येतो. बाकीचं नंतर बघू."

प्रणितानं फोन ठेवला आणि मग तिला रडू आलं. इंदुताईंनी तिला जवळ ओढलं.

वरलक्ष्मी मॅडम या सगळ्या वेळात आपल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. एकनाथरावांनी त्यांना विचारलं, "तुम्ही वाचलं होतं ना ते? मग आल्या आल्या का नाही बोललात?"

"एक ओळ होती, नाना. 'वृद्ध गृहस्थ येऊन गेले, ओळख पटली नाही.' किती फाइलींत असते ती ओळ. त्याचा न्याय करणं माझं काम नाही. पुढं शिवराजगारू कुठं झोपणार, कोण त्यांच्याशी बोलणार, ते माझं काम." मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "आता ऐका. एकदम घरी नको. तुम्हालापण नको, त्यांनापण नको. तारनाक्यात खात्याचं मधलं घर आहे, दहा माणसं राहतात, एक वॉर्डन आहे. सहा महिने तिथं. दिवसा नर्सरीत काम, रविवारी घरी जेवायला. महिन्याला डॉक्टर, गोळ्या सरकारी दवाखान्यातून. पंधरा दिवसांनी मी इथं येणार. जमलं तर पुढं. नाही जमलं तर मला फोन करायचा, लपवायचं नाही. आम्ही माणूस सोपवून मोकळं होत नाही."

"तारनाक्यात?" गौतमनं विचारलं. "कुठं?"

मॅडमनी पत्ता सांगितला.

"माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं," तो म्हणाला. त्यानं गौरीकडं पाहिलं. गौरीनं मान हलवली. ती मोठ्या उत्साहानं हलवली असं कुणी म्हणणार नाही, पण हलवली. गौतमनं फॉर्म ओढून घेतला, आपण लिहिलेलं 'त्रि' काळजीपूर्वक खोडलं आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं. सही करताना म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला न विचारता..."

"झालं ते झालं, भाऊजी. सही नीट करा. खात्याची माणसं खाडाखोड असली की परत पाठवतात."

मॅडम हसल्या. "ही आमच्याच खात्याची बाई आहे," त्या म्हणाल्या.

*

पुढच्या गुरुवारी ते केंद्रात गेले. सौरभ गाडी घेऊन आला होता. त्याच्या आईवडिलांनी अजून हो किंवा नाही काही म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही ते लपवलं नाही.

केंद्राच्या मागं हिरव्या जाळीखाली रोपवाटिका होती. वरलक्ष्मी मॅडम पुढं झाल्या. वाफ्याशी एक माणूस उकिडवा बसून पिशव्यांत माती भरत होता. केस बारीक कापलेले, पांढरे. त्रिवेणीनं त्याला खांद्यांवरून ओळखलं.

तो उभा राहिला. एकेकाकडं बघत गेला, सावकाश, फळ्यावरच्या गणिताची पायरी तपासावी तसा. इंदुताईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. तो तसाच उभा होता. आईच्या पाठीवरून मातीच्या हातानं हळूहळू थोपटत राहिला.

मग एकनाथराव पुढं आले. गौतमनं त्यांना हात द्यायला पाहिलं, त्यांनी तो घेतला नाही.

"शिवा, त्या दिवशी ठाण्यावर मी तुला ओळखलं होतं," ते म्हणाले.

शिवराजला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "हो नाना," तो म्हणाला. "तुम्ही घाबरला होता. मीपण घाबरलो होतो."

सौरभनं पटकन एक प्लास्टिकची खुर्ची आणून एकनाथरावांना बसवलं.

"ही?" शिवराज प्रणिताकडं बघत होता. त्याचा हात आपोआप कंबरेच्या उंचीवर गेला, सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि मग त्याला समोरची उंच मुलगी दिसली. त्यानं हात मागं घेतला आणि लाजून हसला.

"मीच आहे, बाबा," प्रणिता म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून अडखळत आला, पण आला. "ही कसली रोपं आहेत?"

"कढीपत्ता," तो म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर त्याला पक्कं येत होतं. "ही लिंबं. ही झेंडूची, पण उशिरा लावली." तो तिला एकेक वाफा दाखवत पुढं गेला, आणि परत येताना त्रिवेणीसमोर थांबला.

एवढा वेळ ती मागंच उभी होती. काय म्हणावं याचा तिनं गाडीत खूप विचार केला होता आणि सगळं विसरली होती.

"तुम्ही बऱ्या आहात?" शिवराजनं विचारलं.

लग्न झाल्यापासून तो तिला 'तू' म्हणत होता. हे 'तुम्ही' ऐकून तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या छातीवरचं काहीतरी अलगद सरकलं. तो तिच्याकडं काही मागत नव्हता. तिनं कोण व्हावं हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. दोघंही कुठूनतरी लांबून आले होते आणि त्यालाही ते कळत होतं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे. "तुम्ही?"

"पूर्वीपेक्षा पुष्कळ." तो नखातली माती काढत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा याल?"

गौतम, इंदुताई, मॅडम, सगळे ऐकत होते. कुणीही तिच्या वतीनं उत्तर दिलं नाही.

"येईन," त्रिवेणी म्हणाली. "गुरुवारी अंगणवाडी लवकर सुटते. पुढच्या गुरुवारी येईन."